एका पुस्तकाची भेट, एका कवीचे आयुष्य

यवतमाळ, प्रतिनिधी : माणसाच्या आयुष्याला वळण देणारी व्यक्ती वर्षानुवर्षे त्याच्या सहवासात असावीच लागते, असे नाही. कधी ती प्रवासात भेटते, दोन शब्द बोलते आणि आपल्या मार्गाने निघून जाते. मराठी कवितेत ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या बाबतीत असेच घडले. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका परदेशी मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्या भेटीनंतर दोन वर्षांच्या आत एका चित्पावन ब्राह्मण पंडिताने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मराठी ख्रिस्ती समाजाला त्याची स्वतःची भाषा, त्याची भजने आणि त्याचा आत्मसन्मान मिळवून देणारे एक पर्व सुरू झाले.

या मिशनऱ्याचे नाव अर्नेस्ट वॉर्ड असे सांगितले जाते. वॉर्ड ज्या फ्री मेथडिस्ट पंथाचे होते, त्याच पंथाच्या भारतातील कार्याचे प्रमुख केंद्र पुढे यवतमाळ झाले. कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांच्या संदर्भातच ज्या जिल्ह्याचे नाव बहुधा वाचनात येते, त्या जिल्ह्याच्या ख्रिस्ती परंपरेचा धागा मराठी साहित्याच्या एका महत्त्वाच्या चरित्राशी असा जुळलेला आहे.

चांगल्या माणसाचा प्रभाव आपल्यावर पडणे आणि आपला चांगला प्रभाव दुसऱ्यावर पडणे, या दोन्ही गोष्टी टिळकांच्या आयुष्यात घडल्या. पहिली काही तासांत घडली. दुसरीसाठी मात्र त्यांना व त्यांच्या कुटुंबाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

आईचा वारसा, वडिलांचा धाक

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने ते तापट आणि कठोर. आई जानकीबाई मात्र भाविक, हळव्या मनाच्या आणि कवितेची आवड असलेल्या. घरातील या दोन विरुद्ध प्रवृत्तींच्या ताणातच नारायणाचे बालपण गेले. आईकडून त्याला भक्तीची आणि शब्दांची ओढ मिळाली. वडिलांकडून तापटपणा आला आणि तो त्यांना जन्मभर छळत राहिला.

आईचे छत्र लहानपणीच हरपले. त्यानंतर घरात त्याचे मन रमेना आणि त्याने नाशिकची वाट धरली. नाशिकमध्ये विद्वान गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याला संस्कृतचे शिक्षण मिळाले. खिशात पैसा नसलेल्या, डोक्यावर छत्र नसलेल्या मुलाला गुरूने जवळ करावे, ही गोष्ट टिळक कधी विसरले नाहीत. पुढे त्यांच्या स्वतःच्या घराचे दार पोरक्या आणि गरजू मुलांसाठी सदैव उघडे राहिले, त्याची मुळे नाशिकच्या या दिवसांत शोधावी लागतील.

इंग्रजी शाळेत त्यांना फार काळ शिकता आले नाही. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले कुटुंबातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. लग्नाच्या वेळी ती अकरा वर्षांची होती आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा इतका कडकडाट होता, की बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याखेरीज वडिलांचे समाधान होत नसे. या मुलीच्या मनातील शिवाशिवीची भिंत पुढे कशी ढासळली, हा टिळकांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

पायाला भिंगरी

लग्नानंतरही टिळक एका जागी स्थिरावले नाहीत. शिक्षकाची नोकरी, छापखान्यातले काम, कीर्तन, प्रवचन असे नाना उद्योग त्यांनी केले. कोठे मन लागले नाही म्हणून, तर कोठे वरिष्ठांशी पटले नाही म्हणून ते एकेक ठिकाण सोडत गेले. न सांगता घरातून निघून जावे आणि काही महिन्यांनी अचानक परतावे, असे प्रकारही घडत. पत्नीचे हाल होत. मात्र या भटकंतीत त्यांच्या मनात एक प्रश्न सतत घर करून होता. देशाची ही अवनती कशामुळे झाली आणि तिला सावरणारा धर्म कोणता, हा तो प्रश्न होता. जातिभेदाने समाजाचे तुकडे झाले आहेत, अशी त्यांची खात्री पटत चालली होती. परंपरागत धर्माचे पंडित असूनही त्यांचे मन आतून अस्वस्थ होते.

१८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. तेथील धनिक आणि विद्याव्यासंगी गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले. धर्मविषयक प्रश्नांची चर्चा हा त्याचा विषय होता. एकीकडे हिंदू धर्मावर लिहिणे आणि दुसरीकडे मनातल्या मनात नव्या धर्माची स्वप्ने रंगवणे, असा हा काळ होता. आपणच एखादा नवा धर्म स्थापन करावा, ज्यात देव एक असेल आणि माणसामाणसांत भेद नसेल, असेही त्यांना वाटू लागले होते.

डब्यातील सहप्रवासी

अशा मनःस्थितीत १८९३ च्या सुमारास राजनांदगाव संस्थानात नोकरीची संधी आली. आज छत्तीसगडमध्ये असलेले राजनांदगाव तेव्हा एक लहानसे संस्थान होते. नागपूरला बंगालशी जोडणारी बंगाल नागपूर रेल्वे तेथूनच जात असे. या प्रवासात टिळकांच्या डब्यात एक परदेशी गृहस्थ होते.

त्या काळात गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरताना भारतीय प्रवाशाच्या मनात धाकधूक असे. अपमान होण्याची शक्यताच अधिक. या गृहस्थांनी मात्र टिळकांना आदराने जागा करून दिली आणि बोलणे सुरू केले. विषय कवितेचा निघाला, संस्कृत साहित्याचा निघाला आणि मग हळूहळू धर्माचा निघाला. ख्रिस्ताविषयी टिळकांचे मत काय, असे त्यांनी विचारले. टिळकांनी आपले विचार मोकळेपणाने मांडले. वाद झाला नाही. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची प्रत टिळकांना भेट दिली, ती वाचण्याचे वचन त्यांच्याकडून घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून ते निघून गेले.

टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. परंतु दिलेला शब्द पाळण्याची त्यांना सवय होती. पुस्तक त्यांना फारसे आवडले नाही, तरी त्यांनी ते वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन मात्र ते थबकले. शत्रूवर प्रीती करावी, अपकार करणाऱ्याचे भले चिंतावे, या शिकवणीने त्यांना अक्षरशः झपाटले. आजवर मनाला छळणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला येथे मिळत आहेत, असे त्यांना वाटले.

या घटनेतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टिळक हे वादविवादात कोणाला हार जाणारे नव्हते. त्यांच्याशी त्या प्रवाशाने शास्त्रार्थ केला असता, तर टिळक जिंकले असते आणि विषय तेथेच संपला असता. सौजन्याने वागवले गेल्यामुळे त्यांनी वचन दिले आणि वचन दिल्यामुळे पुस्तक वाचले. प्रभावाची सुरुवात तत्त्वज्ञानापासून न होता डब्यात सरकून दिलेल्या जागेपासून झाली.

वॉर्ड आणि वऱ्हाड

अर्नेस्ट वॉर्ड आणि त्यांच्या पत्नी फीबी हे अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले. १८८१ मध्ये ते भारतात आले आणि खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपूर येथे त्यांनी काम सुरू केले. हाताशी मोठी संस्था नाही, ठरलेले वेतन नाही, अशा अवस्थेत त्यांनी प्रारंभीचे दिवस काढले. पुढे ते अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट पंथाच्या मिशनशी जोडले गेले. हा पंथ १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला. गुलामगिरीला विरोध आणि चर्चमध्ये श्रीमंतांसाठी पैसे घेऊन आसने राखून ठेवण्याच्या प्रथेला विरोध, ही त्याच्या स्थापनेमागची कारणे होती. पंथाच्या नावातील ‘फ्री’ या शब्दाला हा संदर्भ आहे.

याच पंथाच्या मिशनने पुढे वऱ्हाडात यवतमाळला मूळ धरले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. चर्च, शिक्षण आणि आरोग्य या तीन वाटांनी मिशनचे काम जिल्ह्यात वाढले. पांढरकवडा परिसरातील उमरीचे मिशन रुग्णालय जिल्ह्यातील जुन्या पिढीला चांगले परिचित आहे. १९५३ मध्ये यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षण संस्था उभी राहिली. निरनिराळ्या पंथांचे आणि प्रांतांचे विद्यार्थी तीस वर्षे येथे शिकत होते. १९८३ मध्ये ही संस्था पुण्याला हलवण्यात आली.

मिशनच्या कामाचा हिशेब सहसा शाळा, दवाखाने आणि बाप्तिस्मे यांच्या संख्येत मांडला जातो. वॉर्ड यांच्या नावावर अशा आकड्यांत फार मोठी भर पडली नसेल. टिळकांना बाप्तिस्मा त्यांच्या हातून मिळाला नाही, टिळक त्यांच्या मिशनमध्येही दाखल झाले नाहीत. त्यांचे श्रेय कोणत्याही अहवालात बसणारे नव्हते. तरीही मराठी ख्रिस्ती समाजावर झालेला सर्वांत खोल परिणाम ज्या भेटीतून झाला, ती भेट त्यांची होती.

बाप्तिस्मा आणि संसाराची होरपळ

नवा करार वाचून झाला तरी टिळकांनी लगेच निर्णय घेतला नाही. मनाची उलघाल दीर्घकाळ चालली. ख्रिस्ती होणे म्हणजे त्या काळी जिवंतपणी मरणेच होते. आप्त तुटणार, नोकरी जाणार, अन्नपाण्याचा व्यवहार बंद होणार, हे सारे त्यांना दिसत होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतील भाकिताची दोन वर्षांची मुदत तेव्हा पुरी होत आली होती.

या निर्णयाची पूर्वकल्पना लक्ष्मीबाईंना नव्हती. बातमी येऊन थडकली तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहानगा दत्तू आणि आयुष्य नातेवाइकांच्या आधारावर, अशी त्यांची अवस्था झाली. त्या मनाने इतक्या खचल्या, की त्या यातून सावरतील की नाही, याची जवळच्यांना काळजी वाटू लागली. त्यांना नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी आप्तांकडे राहावे लागले.

टिळकांच्या चरित्राकडे केवळ आदराने पाहणाऱ्यांनाही येथे क्षणभर थांबावे लागते. ज्या माणसाला शत्रुप्रेमाच्या शिकवणीने जिंकले, त्याने आपल्या घरातल्या सर्वांत जवळच्या व्यक्तीला अंधारात ठेवून एवढे पाऊल उचलले. आगगाडीतील परक्या माणसाने त्यांना विचार करायला दोन वर्षे दिली. टिळकांनी पत्नीला एक दिवसही दिला नाही. लक्ष्मीबाईंना आधी कळले असते तर बाप्तिस्मा होऊच शकला नसता, हे खरे असेल. परंतु त्यामुळे लक्ष्मीबाईंच्या दुःखाची धार कमी होत नाही.

या चुकीची भरपाई टिळकांनी पुढच्या काळात केली ती मात्र असामान्य होती. दुसरे लग्न करण्याचा विचार त्यांनी मनात येऊ दिला नाही. ते पत्नीला पत्रे लिहीत राहिले, कविता लिहून पाठवत राहिले. ख्रिस्ती होण्याची अट त्यांनी घातली नाही. लक्ष्मीबाईंनी यावे, आपल्या धर्माप्रमाणे राहावे, एवढीच त्यांची विनवणी होती. चार-पाच वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहायला आल्या.

सोवळ्यातून माणुसकीकडे

आल्या त्या आपल्या सोवळ्यासकट आल्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. नवऱ्याचा धर्म त्याच्यापाशी आणि आपला आपल्यापाशी, असा त्यांचा खाक्या होता. टिळकांनी तो मान्य केला. घरात रोज प्रार्थना होई, भजने होत, नाना जातींची माणसे येत-जात. लक्ष्मीबाई हे सारे पाहत होत्या. त्यांना कोणी उपदेश करीत नव्हते, म्हणूनच कदाचित त्या मोकळ्या मनाने पाहू शकल्या.

एकदा विचार करता करता त्यांनी स्वतःलाच प्रश्न विचारला. देवाने माणूस घडवला, मग जाती कोणी घडवल्या? जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसाने केला आहे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या बुद्धीने आल्या आणि त्या क्षणापासून शिवाशिव पाळणे त्यांनी सोडून दिले. कोणाच्याही हातचे खाण्याची तयारी त्यांनी दाखवली. यथावकाश त्यांनी बाप्तिस्माही घेतला. वडिलांच्या घरी सोवळ्याचा अतिरेक पाहिलेल्या या बाईने पुढे सर्व जातींच्या अनाथ मुलांना पोटाशी धरले.

पत्नीला लिहायला-वाचायला टिळकांनीच प्रवृत्त केले. त्यांच्या कवितांचे कौतुक केले. शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी आत्मचरित्रात आजही अग्रस्थानी मानले जाते. विशेष म्हणजे टिळकांचे सर्वांत खरे चित्र याच पुस्तकात आहे. त्यात त्यांचा राग आहे, विसरभोळेपणा आहे, हातात आलेला पगार घरी पोहोचण्याआधीच वाटून टाकणारे औदार्य आहे आणि चूक उमगताच लहान मुलासारखे विरघळणारे मनही आहे. नवऱ्याची मूर्ती न घडवता त्याला माणूस म्हणून रंगवणारी ही लेखिका पतीच्या प्रभावात हरवून गेली नव्हती. ती त्या प्रभावात वाढली होती. प्रभाव चांगला की वाईट, याची यापेक्षा मोठी कसोटी सांगता येणार नाही.

नगरचे घर

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र. ‘ज्ञानोदय’ हे मराठी ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये तेथेच सुरू झाले होते. टिळकांनी तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते.

त्यांचे घर मात्र कोणत्याही संस्थेपेक्षा मोठी शाळा होते. दुष्काळात पोरकी झालेली मुले, आसरा हरवलेल्या स्त्रिया, कवितांची वही काखेत मारून आलेले तरुण, अशा सर्वांची तेथे वर्दळ असे. घरात धान्य किती आहे, याचा विचार टिळक करीत नसत. तो भार लक्ष्मीबाईंवर पडे. त्या कुरकुरत आणि पुन्हा चूल पेटवत.

या घरात आलेल्या तरुणांतील सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात या मुलाने आपल्या कवितेने सर्वांना चकित केले आणि ‘बालकवी’ ही पदवी मिळवली. त्याची प्रतिभा ओळखून टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले आणि पुत्रवत सांभाळले. निसर्गाकडे मुलाच्या निरागस डोळ्यांनी पाहण्याची टिळकांची दृष्टी बालकवींच्या कवितेत अधिक तेजाने फुलली. ख्रिस्ती पाळकाच्या घरी राहूनही ठोमरे हिंदूच राहिले. त्यांना बाटवण्यासाठी घरात घेतले आहे, अशी शंका घेणाऱ्यांना काळानेच उत्तर दिले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचे अकाली निधन झाले. टिळकांच्या अखेरच्या वर्षातील हा मोठा घाव होता.

टिळकांची स्वतःची कविता मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. जखमी पक्षिणीची व्यथा सांगणारी ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता शाळेत वाचून डोळ्यांत पाणी आले नाही, असा जुना विद्यार्थी विरळा. ‘वनवासी फूल’ हे त्यांचे दीर्घकाव्यही गाजले. त्यांच्या वाचकांतील बहुसंख्य हिंदू होते. धर्मांतर केलेल्या माणसाला घराघरांतून बहिष्कृत केले जात असताना त्याची कविता मात्र त्याच घरांत मुलांच्या तोंडी होती.

तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांना मराठी चर्चचे जे रूप दिसले, त्याने ते अस्वस्थ झाले. उपासनेची पद्धत परकी, गीतांच्या चाली परक्या, अनेकदा शब्दही भाषांतरित आणि ओबडधोबड. ख्रिस्ती होणे म्हणजे विलायती होणे, असा समज हिंदूंचा होता आणि काही ख्रिस्ती लोकांचाही होता. टिळकांना हे मान्य नव्हते. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, भाषा बदलत नाही आणि पूर्वजही बदलत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी ख्रिस्ताला मराठी पोशाख दिला. अभंग, ओवी, पद आणि कीर्तन हे संतांचे सारे साधनसाहित्य त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. तुकाराम महाराजांवर त्यांची अपार श्रद्धा होती. तुकोबांच्या भक्तीच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती आणि ती त्यांनी लपवली नाही. त्यांचे अभंग ‘अभंगांजली’त संग्रहित झाले. मराठी चर्चमधून वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. विदर्भापासून कोकणापर्यंत मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये रविवारी जी गीते गायली जातात, त्यांत आजही टिळकांचे शब्द असतात. वॉर्ड यांनी दिलेले पुस्तक असे मराठी चालीत परत यवतमाळला आले, असे म्हणायला हरकत नाही.

ख्रिस्ताचे समग्र चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्पही त्यांनी सोडला होता. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे पहिले काही अध्याय त्यांनी लिहिले. पुढचे काम आयुष्याने पुरे होऊ दिले नाही. ते काम हाती घेतले लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून एकेकाळी शोकात बुडालेल्या या स्त्रीने तब्बल ६४ अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले.

देवाचा दरबार

वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर बहुतेक माणसे निवृत्तीचा विचार करतात. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले. पगारी धर्मोपदेशकाच्या शब्दाला वजन राहत नाही, हे त्यांनी अनुभवले होते. परकीय पैशावर उभे राहिलेले चर्च भारतीयांच्या मनात उतरणार नाही, अशीही त्यांची धारणा झाली होती. संन्याशाच्या वृत्तीने राहून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा नवा प्रयोग मांडला.

बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांना या दरबारात बरोबरीचे स्थान होते. एखाद्याने ख्रिस्तावर प्रेम करावे, त्याप्रमाणे वागावे. त्यासाठी त्याने आपले घर, आपला समाज तोडलाच पाहिजे, असा आग्रह येथे नव्हता. ही कल्पना अनेक मिशनऱ्यांना पटली नाही आणि अनेक ख्रिस्ती लोकांनाही धोक्याची वाटली. परंतु तिच्यामागे टिळकांचा स्वतःचा अनुभव होता. धर्मांतराने घर कसे फाटते, हे त्यांनी सोसले होते आणि त्याहून अधिक पत्नीला सोसायला लावले होते. दुसऱ्या कोणा लक्ष्मीबाईवर ती वेळ येऊ नये, अशी तळमळ या प्रयोगात दिसते.

प्रयोगाला फार अवधी मिळाला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५७ वर्षांचे होते. त्यांच्यामागे देवाचा दरबारही फार काळ टिकला नाही.

प्रभावाची साखळी

संस्था संपली, तरी माणसे उरली. टिळकांचा सहवास लाभलेले इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्यापूर्वी एक वर्ष विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ हा भारतीय पद्धतीचा आश्रम सुरू केला होता. याच संघातून १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण पुण्याला आला आणि पुढे मध्य भारतातील आदिवासींचा अभ्यासक म्हणून जगाला माहीत झाला. ख्रिस्ती लेखक मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात ताठ मानेने वावरू शकतो, हेही टिळक दांपत्याने सिद्ध केले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो या ख्रिस्ती धर्मगुरूने भूषवले. त्याच्या आदल्याच वर्षी हे संमेलन यवतमाळात भरले होते. फादर दिब्रिटो यांचे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांच्या हाती आलेल्या त्या मानामागे टिळकांपासून चालत आलेली एक दीर्घ परंपरा होती.

या साखळीच्या एका टोकाला वॉर्ड आहेत आणि दुसऱ्या टोकाला आपल्यासारखे वाचक. मधल्या कड्या पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. लेले शास्त्रींनी पोरक्या मुलाला विद्या दिली. सहप्रवाशाने अनोळखी माणसाला मान दिला. टिळकांनी उशिरा का होईना, पत्नीला तिच्या गतीने विचार करण्याचे स्वातंत्र्य दिले. लक्ष्मीबाईंनी अनाथांना घर दिले. यांपैकी कोणीही समोरच्याला जिंकण्यासाठी हे केले नाही. जेथे टिळकांनी घाई केली, तेथे घर दुभंगले. जेथे ते थांबले, तेथे ते जुळले. ख्रिस्ती जीवनात चांगला प्रभाव कसा असावा, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी समाजाच्या इतिहासात सहसा सापडणार नाही. हे उदाहरण केवळ ख्रिस्ती माणसापुरते आहे, असेही मानण्याचे कारण नाही.

आज रेल्वेच्या डब्यांत गर्दी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक असते. शेजारच्या माणसाशी बोलण्याची सवय मात्र कमी होत चालली आहे. धर्माचा विषय निघाला तर आवाज चढतात. अशा वेळी वऱ्हाडच्या मातीत ज्याच्या पंथाने मूळ धरले, त्या एका परदेशी प्रवाशाने एका तापट मराठी पंडिताशी केलेले शांत संभाषण आठवावे. त्या दिवशी जागा करून देणाऱ्याला आपण काय केले, याची कल्पना नव्हती. चांगले काम करणाऱ्याला ती बहुधा नसतेच.